सोसायटीच्या मागच्या दरडीचं कॉम्प्युटर मॉडेल करून घेतलं: सव्वाचार लाख वसूल झाले का?

आधीच सांगून टाकतो, कन्सल्टंटचं नाव लिहिणार नाही, पहिल्याचंही नाही आणि दुसऱ्यांचंही नाही. पहिल्याचं लिहिलं तर वकिलाची नोटीस येईल आणि दुसऱ्यांचं लिहिलं तर लोक म्हणणार ह्याला कमिशन मिळालं. त्यामुळे मेसेज करून विचारू नका. पण अशी सर्व्हिस घेताना काय मिळतं, काय मिळत नाही आणि कुठं फसायला होतं एवढं नक्की लिहितो, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा मराठीत कुणी एक ओळ लिहिलेली सापडली नाही.

तर लोणावळ्याच्या अलीकडे आमची बारा बंगल्यांची सोसायटी आहे. मागे डोंगर, आणि बिल्डरनं २००९ मध्ये जागा सपाट करायला तो डोंगर जवळजवळ उभा कापलाय, सगळ्यात उंच ठिकाणी १८ मीटर. चौदा वर्षं कुणाला काही वाटलं नाही, उलट ब्रोशरवर 'रॉक व्ह्यू' म्हणून तोच फोटो होता. मग २०२३ च्या जुलैमध्ये सात नंबरच्या मागच्या अंगणात रात्री गॅस सिलेंडरएवढे दोन दगड आले, प्लास्टिकची टाकी फुटली, माणसाला काही झालं नाही. त्याच महिन्यात इर्शाळवाडी झाली, आडोशी बोगद्याजवळ एक्सप्रेसवेवर दरड आली, आणि ग्रुपवर एकदम सगळे भूगर्भशास्त्रज्ञ झाले. चार नंबरचे काका मात्र ठाम, म्हणे डोंगर हजारो वर्षं उभा आहे, आत्ता कशाला पडेल. काका, डोंगर साडेसहा कोटी वर्षांचा आहे हो, पण कटिंग २००९ चं आहे.

मी सोसायटीचा खजिनदार. नोकरी चाकणला, बावीस वर्षं गाडीच्या पार्टचं सिम्युलेशन करतोय, म्हणजे ब्रॅकेट तुटेल का, क्रॅशमध्ये दरवाजा किती आत येईल वगैरे. त्यामुळे मॉडेल ह्या शब्दाला मी घाबरत नाही, आणि त्याच्यावर पटकन विश्वासही ठेवत नाही. म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्या कन्सल्टंटचं आधी उरकतो. चाळीस हजार घेतले. एक मुलगा आला, मोबाइलवर फोटो काढले, चहा घेतला, गेला. आठ दिवसांत रिपोर्ट, त्यात एक रंगीत चित्र, अख्खा डोंगर एकाच हिरव्या रंगाचा, आतून कलिंगडाची फोड कापावी तशी एक गोल रेघ, आणि खाली फॅक्टर ऑफ सेफ्टी, म्हणजे पडण्यापासून किती पट सुरक्षित, १.५२. दीडच्या वर म्हणजे पास. मी फोन करून विचारलं, खडकाची ताकद म्हणून हे जे आकडे टाकलेत ते कुठून आणले? "टिपिकल व्हॅल्यू आहेत सर." बरं, आणि पाणी? "ड्राय कंडिशन घेतली आहे सर." लोणावळ्यात! जिथं एका दिवसात दोनशे-तीनशे मिलिमीटर पाऊस पडला तरी लोक भजी तळत बसतात, तिथं ड्राय कंडिशन.

त्यात खरी चूक काय होती ते मला पुढं चार महिन्यांनी कळलं. गोल रेघ ही मातीची सवय आहे. माती किंवा पार चुरा झालेला खडक अशा गोल चमच्याच्या आकारात सरकतो. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण तसा सरकत नाही, तो आधीच उभ्या भेगांनी खांबाखांबात कापलेला असतो, आणि जे काही होतं ते त्या भेगांवरच होतं. खांब उलटतो, पाचर निसटते, सुटा दगड घरंगळतो. म्हणजे रिपोर्टमध्ये जो अपघात तपासला होता तो आमच्या डोंगरात होणारच नव्हता, आणि जो होणार होता तो तपासलाच नव्हता. त्या १.५२ ला काडीचा अर्थ नाही. पण लेटरहेड आणि शिक्का असल्यामुळे निम्म्या सोसायटीला तेवढ्यावरच थांबायचं होतं, आणि ती मीटिंग कशी झाली ते इथं लिहीत नाही.

दुसऱ्या कन्सल्टंट म्हणजे एक मॅडम. इंजिनिअरिंग जिऑलॉजीवाल्या, बरोबर एक स्ट्रक्चरवाला आणि दोरावर चढणारी दोन पोरं. कोटेशन ३ लाख ६० हजार अधिक जीएसटी, म्हणजे ४ लाख २४ हजार ८००, बंगल्यामागे ३५ हजार ४००. पहिल्या भेटीत मी विचारलं सॉफ्टवेअर कोणतं वापरता, तर म्हणाल्या ते मागाहून बघू, आधी डोंगर बघू. मला वाटलं टाळतायत. तीन दिवस लॅपटॉप बॅगेतून निघाला नाही.

ह्या तीन दिवसांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते निम्मे पैसे इथंच वसूल झाले. पोरं माथ्यावरच्या झाडांना नाही तर ड्रिल करून बसवलेल्या हुकांना दोर बांधून कड्यावर उतरली आणि प्रत्येक भेगेवर कंपास टेकवून तिचा उतार आणि दिशा ओरडून सांगत होती, खाली मॅडम वहीत लिहीत होत्या. दीडशेच्या आसपास भेगा. श्मिट हॅमर म्हणून एक स्प्रिंगचा दांडका असतो, काँक्रीट तपासायला साइटवर वापरतात तोच, तो दगडावर टक्कन आपटून किती उसळतो ते बघतात. सुताराकडे असते तशी पिनांची फणी भेगेच्या पृष्ठभागावर दाबून तिचा खडबडीतपणा कागदावर उतरवतात, मग ठरलेल्या दहा नमुन्यांशी ताडून शून्य ते वीसमध्ये मार्क देतात. मी म्हणलं हे डोळ्यानं ठरवायचं? म्हणाल्या हो, आणि दोन माणसं दोन वेगळे मार्क देतात, म्हणून एकच आकडा नाही, रेंज घेणार. गाडीच्या स्टीलचं सर्टिफिकेट येतं हो, मिलवरून, कॉइलबरोबर. इथं मटेरियलच कुणाला माहीत नाही.

तर आमच्या कड्याचं पोट असं निघालं. खालचे सात मीटर पांढऱ्या ठिपक्यांचा बेसॉल्ट, म्हणजे बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर पांढरी खनिजं भरलेला. त्यावर सव्वा मीटरभर लालसर मातकट थर. त्यावर नऊ मीटर घट्ट काळा पाषाण, उभ्या भेगा साधारण दीड-दीड मीटरवर. माथ्यावर थोडा मुरूम. तो लाल थर मी चौदा वर्षं बघत होतो, मुलं त्याला 'डोंगराचा बेल्ट' म्हणायची. त्याला रेड बोल म्हणतात, लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या काळात खालच्या थराची झीज होऊन झालेली माती, वरून नवा लाव्हा आला तेव्हा भाजलेली. कोरडा असला की नखानं खरवडला जातो एवढंच, पण ओला-सुका ओला-सुका झाला की भुगा होतो. लॅबमध्ये त्याचे दहा ढेकळं जाळीच्या पिंपात घालून पाण्यात दहा मिनिटं फिरवतात, वाळवतात, परत फिरवतात. आमच्या नमुन्याचा दुसऱ्या फेरीनंतर निम्म्याहून जास्त माल जाळीतून गळून गेला होता. आणि कड्यावर तेच चाललं होतं, दर पावसाळ्यात थोडा थोडा लाल थर धुपून आत गेला होता, वरचा काळा खांब तेवढा पुढं हवेत. दोरावरच्या पोरानं टेप लावला, साठ सेंटीमीटर.

आणि मग आमचे माळीकाका. मॅडमनी त्यांना विचारलं पाणी कुठून येतं, तर ते म्हणाले पाऊस थांबला तरी दोन दिवस त्या लाल पट्ट्याच्या वरून झिरपत राहतं, आणि सात नंबरच्या मागं सगळ्यात जास्त. मॅडमनी हे नुसतं ऐकलं नाही, नकाशावर खूण करून त्यांच्याकडून प्रत्येक जागा हात लावून दाखवून घेतली. मॉडेलमधली पाण्याची रेघ शेवटी त्या खुणांवरून काढली. पहिल्या कन्सल्टंटनं काकांना गेट उघडायला सांगण्यापलीकडे काही विचारलं नव्हतं.

आता मॉडेल. इथं माझा कॉलर जरा ताठ होता आणि तो खाली आला.

पद्धती ढोबळ मानानं तीन. पहिली हाताचं गणित, दगडाला धरून ठेवणारा जोर भागिले खाली ओढणारा जोर, त्यालाच फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणतात. दुसरी फायनाइट एलिमेंट, आमचा रोजचा धंदा, डोंगराची जाळी करायची आणि प्रत्येक तुकड्यातला ताण काढायचा. ह्यात एक गंमत आहे. फॅक्टर कसा काढतात तर खडकाची ताकद मुद्दाम टप्प्याटप्प्यानं कमी करत जायची, कोसळेपर्यंत, म्हणजे गणित जुळेनासं होईपर्यंत. आमच्याकडे सोल्यूशन कन्व्हर्ज झालं नाही की शिव्या बसतात, रात्री थांबून मेश सुधारावी लागते. इथं कन्व्हर्ज न होणं हेच उत्तर! बावीस वर्षं ज्याला एरर म्हणलं त्याला हे लोक निकाल म्हणतात. अर्थात मॅडमच म्हणाल्या की कधीकधी ती खरंच नुसती एरर असते, मेश खराब असते आणि लोक डोंगर पडला म्हणून रिपोर्ट लिहितात, त्यामुळे ते ओळखता आलं पाहिजे.

तिसरी पद्धत आमच्यासाठी वापरली, डिस्टिंक्ट एलिमेंट. ह्यात डोंगर एकसंध धरतच नाहीत. भेगा जिथं आहेत तिथं कापायचं, सुटे ठोकळे रचायचे, आणि एक ठोकळा दुसऱ्याला कुठं टेकतो, किती दाबतो, घसरतो का, सुटतो का हे अगदी बारीक बारीक वेळेच्या टप्प्यात मोजत जायचं. पीटर कंडॉल ह्यांनी १९७१ मध्ये ही कल्पना मांडली ती भेगाळलेल्या खडकासाठीच, त्यातूनच पुढं यूडेक वगैरे प्रोग्रॅम आले. मला बघताक्षणी ओळखीचं वाटलं, हे तर आमचं क्रॅश! तेच छोटे टाइमस्टेप, तेच कॉन्टॅक्ट, तीच रात्रभर मशीन घुरघुरत राहण्याची गोष्ट. फरक एवढाच की आमचा क्रॅश सेकंदाच्या दहाव्या भागात आटपतो आणि ह्यांना बघायचं असतं की ठोकळे हलून परत स्थिर बसतात की चालतच राहतात. स्थिर बसले तर ठीक. एखादा खांब प्रत्येक टप्प्याला थोडा थोडा पुढं जातच राहिला तर तो गेला.

मॅडमनी स्क्रीनवर दाखवलं तेव्हा चार नंबरचे काकापण होते. पाणी शून्य, सगळं शांत. पाणी मागच्या भेगेत एक मीटर, शांत. दोन, वरच्या खांबाचं डोकं थोडं हललं आणि थांबलं. अडीचला सगळ्यात पुढचा खांब निघाला तो थांबेना, मागचा त्याच्या पाठोपाठ कलला. काका म्हणाले, परत दाखवा. तीनदा बघितलं त्यांनी. त्या दिवसापासून ते आमच्या बाजूला आहेत.

मी मात्र घरी येऊन पाठकोऱ्या कागदावर गणित केलं, सवय. पुठ्ठ्याचा खोका टेबलाच्या कडेला सरकवत नेला तर निम्मा बाहेर गेला की पडतो, तसंच आहे हे. खांब दीड मीटर रुंद, नऊ मीटर उंच, वजन दर मीटर लांबीला जवळजवळ ३८ टन. निम्मा म्हणजे ७५ सेंटीमीटर. त्यातले ६० खालून गेलेले. म्हणजे खांबाला तोल सावरायला उरले फक्त १५. आता मागच्या भेगेत पाणी भरलं तर ते ढकलणार, आणि भेग बोटभर रुंद असो नाहीतर हातभर, जोर ठरतो तो पाण्याच्या उंचीवर. तीन मीटर पाणी म्हणजे दर मीटर लांबीला साडेचार टन. उंची दुप्पट झाली की जोर चौपट. हे सगळं मांडलं तर खांब उलटायला साधारण सव्वातीन मीटर पाणी लागतं. मॉडेल म्हणत होतं अडीच. मी विजयी मुद्रेनं फोन केला की तुमचं चुकलंय. तर त्या म्हणाल्या बरोबर आहे तुमचं, पण तुम्ही लाल थर लोखंडासारखा धरलाय, खांब टाचेवर कलायला लागला की ती टाच मऊ लाल मातीत रुतते, म्हणजे टेकू आणखी मागं सरकतो. कागदावर ६० च्या जागी ७० टाकून बघा. टाकलं. सव्वातीनचं सव्वादोन झालं. दहा सेंटीमीटरनं एक मीटर पाणी कमी! मग बसलो गप्प.

पण हेही लिहितो की कागदाचं गणित जवळपास पोचलं होतं. कुणी तुम्हाला फक्त रंगीत चित्र दाखवत असेल आणि एका पानाचं हाताचं गणित दाखवू शकत नसेल तर सावध व्हा.

एक साइड गंमत. रिपोर्टमध्ये सगळीकडे जीएसआय जीएसआय येतं. आमचे सेक्रेटरी खूश, म्हणे केंद्र सरकारच्या जिऑलॉजिकल सर्व्हेनं पास केलंय वाटतं. नाही हो. हा जीएसआय म्हणजे जिऑलॉजिकल स्ट्रेंग्थ इंडेक्स, खडक किती तुटलेला आहे त्याचे शंभरपैकी मार्क, चार्टशी ताडून कड्याकडे बघून देतात. सरकारी खात्याचा काही संबंध नाही. ही गल्लत पुढच्या एजीएमच्या मिनिट्समध्ये लिहिली गेली होती, खोडायला लावली.

सर्व्हिसचा खरा फायदा कुठं झाला तर उपाय निवडताना. कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं होतं पूर्ण कड्यावर जाळी मारून वरून शॉटक्रीट, म्हणजे फवाऱ्यानं मारलेलं काँक्रीट, राखाडी रंगाचा गुळगुळीत डोंगर, विषय संपला. मॅडमनी तेच मॉडेलमध्ये चालवून दाखवलं. शॉटक्रीटनं तोंड बंद झालं, पाण्याला बाहेर यायला वाट नाही, मागं पातळी वाढली, खांब आधीपेक्षा लवकर निघाला. मग फक्त रॉक बोल्ट, म्हणजे खडकात भोक पाडून घट्ट बसवलेल्या पोलादी सळया, मॉडेलमध्ये चालवले. आज धरतायत, पण लाल थर धुपत जाऊन साठाचे नव्वद झाले की खांबाचा तोल पाण्याशिवायच गेलेला, तो फक्त बोल्टच्या जिवावर लटकलेला. मग तिसरी केस, आधी लाल थराच्या खाचेत दगडी बांधकाम आणि काँक्रीट भरून खांबाला टाच परत द्यायची, दात भरतात तसं, त्याला पाणी जायला भोकं ठेवायची, आणि काळ्या खडकात सहा-सहा मीटरचे किंचित वर चढते आडवे ड्रेन. माझ्या कागदावर नुसती टाच परत मिळाली तर पाण्याची मर्यादा सव्वातीनवरून साडेपाचवर जाते. त्यात ड्रेन पाणी दोनच्या वर जाऊच देत नाहीत. बोल्ट मग फक्त सात आणि आठ नंबरच्या मागच्या बारा खांबांना लागले. कॉन्ट्रॅक्टरच्या पहिल्या एस्टिमेटपेक्षा काम निम्म्याहून कमी पैशात झालं, म्हणजे मॉडेलची फी त्यातच निघाली. फॅक्टर किती आला हे कुणाच्या लक्षातही नाही आता, पण शॉटक्रीटवाली केस सगळ्यांच्या लक्षात आहे.

सुट्या दगडांचं वेगळं सिम्युलेशन केलं, ते सोपं आहे आणि झटपट होतं. माथ्यावरून हजार दगड सोडायचे, प्रत्येकाचा आकार आणि उसळी थोडी वेगळी, किती कुठं पोचतात बघायचं. अर्धा घनमीटर काळा पाषाण म्हणजे १४०० किलो, म्हणजे एक एसयूव्हीच, अठरा मीटरवरून सुटली तर खाली ६८ च्या स्पीडनं येते. सात नंबरची किचनची भिंत पायथ्यापासून साडेपाच मीटरवर. दहातला एक दगड भिंतीपर्यंत येत होता. चर खणून तिच्या पुढं दीड मीटर उंच गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीच्या पेटीत दगड भरून केलेली भिंत, टाकल्यावर हजारात चार-पाच. सात नंबरच्या वहिनींनी तो आलेख बघून किचन पुढच्या खोलीत हलवलं, चार-पाच पण नको म्हणाल्या, आणि मला ते पटलं.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक लिहिलं तर ती जाहिरात होते.

रिपोर्ट तीन आठवडे उशिरा. ९४ पानं, त्यातली साठ पानं परिशिष्ट, सगळं इंग्रजीत. ज्या माळीकाकांच्या खुणांवर पाणी काढलं त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येणार नाही. मी दोन पानांचं मराठी मागितलं तर एक्स्ट्रा चार्ज सांगितला, शेवटी मीच लिहिलं. मॉडेलच्या इनपुट फाइल दिल्या नाहीत, आमची प्रॉपर्टी आहे म्हणे. अहो, पैसे आमचे, डोंगर आमचा, दोन वर्षांनी दुसऱ्या कुणाला दाखवायचं तर परत शून्यापासून? हे करारात आधी लिहून घ्या. आम्ही घेतलं नाही, चूक आमची. लाल थराचे नमुने फक्त एका जागेवरून घेतले, ड्रोनचा सर्व्हे मार्च-एप्रिलमध्येच करायला हवा, पानं गळल्यावर, कारण आमच्या जानेवारीच्या ड्रोनमध्ये पण माथ्यावरची एक लांब भेग करवंदीच्या जाळीखाली लपून राहिली आणि ती सापडली कशी तर काम करणाऱ्या माणसाचा पाय त्यात गेला म्हणून. मग ती टाकून मॉडेल परत चालवलं, सुदैवानं उत्तर फार बदललं नाही. आणि मॉडेल टू-डी होतं, म्हणजे डोंगराचा पावासारखा एक स्लाइस. सात नंबरच्या मागं ठीक आहे, पण अकरा नंबरच्या कोपऱ्यात दोन भेगा मिळून पाचर होते तिथं स्लाइस चालत नाही. तिथलं त्यांनी हातानं वेगळं केलं, थ्री-डीचे पैसे आम्ही दिले नव्हते हेही खरं.

अजून एक, ही तक्रार नाही पण लोक हमखास विचारतात म्हणून. कधी पडेल हे मॉडेल सांगत नाही. किती पाणी झालं तर, किती धुपलं तर, एवढंच सांगतं. तारीख हवी असेल तर हालचाल मोजत बसावं लागतं. स्वित्झर्लंडमधलं ब्रिएन्झ गाव २०२३ च्या मे महिन्यात आधीच रिकामं केलं आणि १५ जूनच्या रात्री खडक येऊन गावाच्या अगदी तोंडाशी थांबला, ते जमलं ते कड्याचा वेग सतत मोजत होते म्हणून. आमच्या खाली भोर घाटात रेल्वेची हिल गँग दर उन्हाळ्यात पहारी घेऊन सुटे दगड पाडत फिरते, तीही एक प्रकारची मोजणीच आहे. आमच्याकडे आता माथ्यावरच्या भेगेवर ती किती उघडली ते मोजणारे तीन साधे गेज आहेत, पावसाळ्यात दर रविवारी मी वाचतो. गेल्या जुलैत दोन मिलिमीटर सरकले आणि सप्टेंबरनंतर थांबले.

आणि माळीण, तळिये, इर्शाळवाडी ह्यांच्याशी आमच्या केसची तुलना करू नका, ग्रुपवर अजून होते. माळीणला ३० जुलै २०१४ च्या सकाळी एसटीचा ड्रायव्हर गेला तेव्हा गावच जागेवर नव्हतं, १५१ माणसं गेली. तिथं मुख्यतः उतारावरचा माती-मुरमाचा थर पाणी पिऊन खाली वाहत आला. ते गणितच वेगळं, मॉडेल वेगळं, उपाय वेगळे. तुमच्या मागं कातळ नसून मुरमाचा किंवा टाकलेल्या भरावाचा उतार असेल तर ठोकळ्यांचं मॉडेल विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, आणि उतारावर भेगा किंवा नवे झरे दिसले तर मॉडेलबिडेल सोडा, आधी घर रिकामं करा आणि तहसीलदारांना फोन लावा.

मार्क द्यायचे तर साइटवरच्या कामाला पाच, मॉडेलला चार, रिपोर्टला दोन, वेळेला दीड. परत घेणार का, तर हो, ह्यांच्याकडूनच, पण इनपुट फाइल आणि मराठी पानं करारात लिहून. दोन-तीन मीटरच्या कटिंगला एवढं करू नका, एक चांगला जिऑलॉजिस्ट अर्धा दिवस फिरवा, पुरे.

काम २०२४ च्या मे मध्ये संपलं, हा दुसरा पावसाळा. परवा रात्री धो धो झाला, सकाळी तीन नंबरच्या ड्रेनमधून लाल पाणी. व्हिडिओ काढून मॅडमना टाकला, पाच मिनिटांत उत्तर, "बादलीत धरून रात्रभर ठेवा, तळाला किती बसतं ते मोजून सांगा." लाल थरच पाण्याबरोबर बाहेर येत असेल तर पाइपवरचं फिल्टरचं कापड फाटलंय असा त्याचा अर्थ. बादली वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवली, वर चिठ्ठी लावली की ओतू नये. सकाळी बघितलं तर तळाला नखाच्या जाडीएवढा थर. माळीकाकांनी त्यात बोट फिरवलं, म्हणाले हा पट्ट्यातला नाही, पट्ट्यातला चिकट असतो, हा वरचा मुरूम आहे. दोन्ही गोष्टी मॅडमना कळवल्यात, दुसरी बादली लावलीये.